कॅल्शियमवर टपलेले ॲसिड

जळगावकडून तापी लाइनने येणारी गाडी उधन्याला लागली की खानदेशी माणसाला आपल्या मुलखातच उतरल्यासारखे वाटते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या सुरतेतल्या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबे राहतात. भाजीबाजारात अहिराणी कानावर पडते, महापालिकेच्या मराठी शाळा भरतात. काम मात्र अस्सल सुरती: यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, हिऱ्यांचे कारखाने, आणि या सगळ्यांना लागणारी यंत्रे बनवणारी, दुरुस्त करणारी लहानमोठी वर्कशॉपे. यातल्या बऱ्याच कामांना ॲसिड लागते. कारागिरांच्या तोंडी सगळ्या ॲसिडांना मिळून एकच नाव असते, ‘ॲसिड’. फार तर ‘तेजाब’. त्यांतले एक मात्र बाकीच्यांच्या पंगतीत बसवणे जिवावर बेतू शकते.

ते म्हणजे हायड्रोफ्लोरिक ॲसिड, कारखान्याच्या भाषेत ‘एचएफ’. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद ‘दुर्बल ॲसिड’ अशी आहे, आणि त्याचा सगळा धोका या दुर्बलपणातच आहे. सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात पडले की त्याचे रेणू ताबडतोब फुटून विद्युतभारित कण होतात. असे कण कातडीत सहज शिरू शकत नाहीत. ते वरचा थर जाळतात. एचएफचे बरेचसे रेणू न फुटता अखंड राहतात. अखंड रेणूवर भार नसल्यामुळे तो पेशींच्या पडद्यातून आरपार जातो, कातडीखालच्या चरबीत, स्नायूत, थेट हाडापर्यंत उतरतो. तिथे तो फुटतो आणि फ्लोराइड मोकळे होते. मोकळे फ्लोराइड कॅल्शियमला धरते आणि सोडत नाही.

हे ॲसिड काचही खाते, त्यामुळे ते काचेच्या बाटलीत न ठेवता प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवावे लागते. स्वीडनमधल्या कार्ल शेले या औषधविक्रेत्याने १७७१ मध्ये ते तयार केले. त्यातले फ्लोरिन वेगळे काढण्याच्या नादात बेल्जियमचे लुयेट आणि फ्रान्सचे निक्लेस हे रसायनशास्त्रज्ञ प्राणाला मुकले. अखेर जून १८८६ मध्ये पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांना ते साधले आणि त्याबद्दल १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उधन्याला हा विषय परका नाही. मुंबईच्या दिशेने पुढचेच स्टेशन भेस्तान. तिथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या नवीन फ्लोरिन या कंपनीचा फ्लोरिन रसायनांचा मोठा प्रकल्प आहे. या उद्योगाचा कच्चा माल म्हणजे फ्लोरस्पार नावाचा खनिज दगड. गुजरातेतच छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडुंगर इथे त्याचे साठे आहेत. रासायनिकदृष्ट्या हा दगड म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड. कॅल्शियम आणि फ्लोराइड यांची मिठी इतकी घट्ट की ती सोडवण्यासाठी दगडाची पूड तीव्र सल्फ्युरिक ॲसिडबरोबर फिरत्या भट्टीत तापवावी लागते. तेव्हा कुठे एचएफ वायूरूपात बाहेर पडते. विषबाधेवरचा उपचार ही याच प्रक्रियेची उलटी दिशा आहे. शरीरात मोकाट सुटलेल्या फ्लोराइडला पुन्हा कॅल्शियम द्यायचे आणि त्याचा पुन्हा दगड करायचा. या विषावरच्या औषधोपचाराचा गाभा एवढाच.

मोठ्या प्रकल्पात हे सगळ्यांना पढवलेले असते. तिथे अंगभर सूट असतो, जागोजागी शॉवर असतात, प्रथमोपचाराच्या खोलीत कॅल्शियमचा जेल असतो. जोखीम जास्त असते ती जिथे एचएफ दुसऱ्याच नावाने येते तिथे. डाइंगची यंत्रे स्टेनलेस स्टीलची असतात. वेल्डिंगनंतर सांध्यावर आलेला काळानिळा डाग काढायला फॅब्रिकेटर जी पिकलिंग पेस्ट ब्रशने फासतात, तिच्यात सहसा नायट्रिक ॲसिडच्या जोडीला एचएफ असते. हिऱ्याच्या चिरांत अडकलेली घाण काढण्यासाठी ‘डीप बॉइलिंग’ करतात, त्यातही ते वापरले जाते. काचेवर नक्षी कोरणारी क्रीम, गाडीच्या अलॉय चाकांसाठीचे काही क्लीनर, कपड्यावरचे गंजाचे डाग घालवणारी काही द्रावणे यांत एचएफ किंवा त्याचाच भाऊबंद अमोनियम बायफ्लोराइड असतो. डब्यावरचे बारीक अक्षर कोणी वाचत नाही. वाचले तरी त्या नावाने धास्ती वाटत नाही.

फ्लोराइड पोटात गेल्यावर काय होते याचा सर्वांत भयानक धडा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या मनोरुग्णालयात मिळाला. सेलम गावातल्या या रुग्णालयात १८ नोव्हेंबर १९४२ च्या संध्याकाळी परतलेली अंडी वाढली गेली. त्यात घालायला दुधाची पावडर हवी होती. ती आणायला स्वयंपाकघरात मदत करणाऱ्या एका रुग्णाला तळघरातल्या कोठीत पाठवले होते. त्याने आणलेली पांढरी पूड दुधाची नव्हती, झुरळे मारायचे सोडियम फ्लोराइड होते. पहिल्या घासांनंतर काही मिनिटांतच माणसे पोट धरून कोसळू लागली, रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या, हातपाय लुळे पडले. शेकडो आजारी पडले, ४७ जण दगावले. पाच वर्षांनी, १९४७ मध्ये, अमेरिकेच्या कीटकनाशक कायद्यात सोडियम फ्लोराइडसारखी पांढरी विषे रंगवूनच विकण्याची सक्ती आली.

पोटात गेलेल्या फ्लोराइडचे पहिले काम जठरातच होते. जठरात आधीच हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, त्याच्या संगतीत सोडियम फ्लोराइडचे एचएफ बनते. म्हणून मळमळ, पोटात भडका, उलट्या, जुलाब ही लक्षणे बहुधा अर्ध्या-पाऊण तासात दिसतात. मग फ्लोराइड रक्तात उतरते आणि तिथले कॅल्शियम धरू लागते. हाडांत एक किलोच्या आसपास कॅल्शियम साठलेले असले, तरी रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात फिरणारे कॅल्शियम एक-दोन ग्रॅमच असते, आणि स्नायू, नसा, हृदय चालतात ते या फिरत्या कॅल्शियमवर. ते घटले की ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात, हातापायांना पेटके येतात, कधी झटके येतात. मॅग्नेशियमही घटते. फ्लोराइड पेशींची ऊर्जा तयार करणारी आणि पडद्यावरचा पंप चालवणारी विकरेही अडवते, त्यामुळे पेशींतले पोटॅशियम बाहेर रक्तात सांडते. कॅल्शियम खाली, पोटॅशियम वर, अशा कात्रीत हृदय सापडते. ईसीजीवर क्यूटी अंतर लांबते आणि मग एकाएकी हृदयाचे ठोके विस्कटतात. अशा वेळी विजेचे झटके देऊनही लय परत येत नाही, किंवा येते आणि पुन्हा पुन्हा बिघडते. कित्येकदा तोपर्यंत रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो. या विषाचा धोका चेहऱ्यावर दिसत नाही, तो ईसीजीच्या पट्टीवर दिसतो.

प्रौढ माणसाच्या जिवाला पाच ते दहा ग्रॅम सोडियम फ्लोराइड पुरते, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे. डॉक्टर मात्र एवढ्याची वाट पाहत नाहीत. वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात गेले असण्याची शक्यता दिसली की रुग्णाला रुग्णालयात हलवायचे, हा आज सर्वत्र पाळला जाणारा उंबरठा आहे.

उपचाराला किती कॅल्शियम लागते याचा कागदावरचा हिशेब डोळे उघडणारा आहे. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या १० मिलिलिटरच्या एका इंजेक्शनमध्ये निखळ कॅल्शियम असते साधारण ९३ मिलिग्रॅम. कॅल्शियमचा एक अणू फ्लोराइडचे दोन अणू धरतो. त्या मापाने एक इंजेक्शन सुमारे ८८ मिलिग्रॅम फ्लोराइड बांधू शकते. पाच ग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये फ्लोराइड असते जवळजवळ २,२६० मिलिग्रॅम. म्हणजे नुसत्या गणिताने २६ इंजेक्शने! प्रत्यक्षात सगळे फ्लोराइड रक्तात उतरत नाही आणि शरीरही स्वतःचे कॅल्शियम सोडते. तरी एरवी एखाद-दुसऱ्या इंजेक्शनवर भागवणाऱ्या डॉक्टरला इथे हात सैल का सोडावा लागतो, ते यातून समजते. रक्तातले कॅल्शियम पुन्हा पुन्हा तपासत आणि ईसीजीवर नजर ठेवत, शिरेतून डोसामागून डोस दिले जातात. मॅग्नेशियम दिले जाते. सोडाबायकार्बोनेटही देतात, कारण रक्त आणि लघवी अल्कधर्मी राहिली की फ्लोराइड पुन्हा अखंड एचएफ बनून पेशींत शिरत नाही, मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंडे साथ देत नसतील किंवा पोटॅशियम आवरत नसेल, तर हेमोडायलिसिस करतात. त्याने फ्लोराइड आणि पोटॅशियम दोन्ही रक्तातून उतरतात.

विषबाधेत सर्रास दिला जाणारा सक्रिय कोळसा इथे बिनकामाचा आहे. फ्लोराइड त्याला चिकटत नाही. घरगुती प्रथमोपचारात दूध उपयोगी पडते. पेलाभर दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर दूध किंवा कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेले अँटासिड देतात, म्हणजे काही फ्लोराइड जठरातच अडते. बोटे घालून उलटी काढणे मात्र टाळायचे. विशेषतः एचएफ प्यायले गेले असेल, तर अन्ननलिका जाताना एकदा भाजलेली असते, येताना ती दुसऱ्यांदा भाजते.

कातडीवरच्या अपघाताची तऱ्हा वेगळी. इथे फसवणूक होते ती वेदनेच्या वेळेत. पन्नास टक्क्यांहून तीव्र ॲसिड उडाले तर लगेच आग होते. वीस ते पन्नास टक्क्यांच्या द्रावणाची आग सुरू व्हायला एक ते आठ तास लागू शकतात. वीस टक्क्यांखालचे द्रावण तर चोवीस तासांपर्यंत गप्प बसू शकते. पिकलिंगचे काम करणारा कारागीर दुपारी हात धुऊन घरी जातो आणि रात्री बोटांच्या टोकांत, नखांखाली ठणका सुरू होतो. कातडी किंचित लाल किंवा पांढुरकी, बाकी काही नाही. दुखणे आणि दिसणे यांचा मेळ लागत नाही. दुपारचे काम कोणी सांगितले नाही, तर डॉक्टर वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवण्याची भीती असते.

किती जागा भाजली यावर धोक्याचा अंदाज बांधायची सवयही इथे दगा देते. माणसाचा पंजा बोटांसकट म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का. तीव्र एचएफने अवघा अडीच टक्के भाग भाजून मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे १९९४ मध्ये खडकांचे नमुने ॲसिडमध्ये विरघळवण्याचे काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या मांड्यांवर ७० टक्के एचएफ सांडले. भाजले शरीराच्या नऊ टक्के. त्याने नळीने पाणी मारले, मग पोहण्याच्या तलावात उडी घेतली आणि मदत येईपर्यंत तो पाण्यातच राहिला. प्रयोगशाळेत कॅल्शियमचा जेल नव्हता. आठवड्याने त्याचा एक पाय कापावा लागला आणि अपघातानंतर पंधराव्या दिवशी तो दगावला. पाणी वर राहिलेले ॲसिड धुऊन नेते, आत उतरलेल्या फ्लोराइडपर्यंत ते पोहोचत नाही.

म्हणून क्रम असा: कपडे, बूट, घड्याळ, अंगठी ताबडतोब उतरवायचे, भरपूर वाहत्या पाण्याने धुवायचे, आणि जेल हाताशी असेल तर पाच मिनिटांच्या धुण्यानंतरच अडीच टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल चोळायला घ्यायचा. चोळणाऱ्याच्या हातातही हातमोजे हवेत. पंजा भाजला असेल तर रबरी हातमोज्यात जेल भरून हात त्यातच घालून ठेवतात. वेदना हाच इथला मापक आहे. ठणका थांबला म्हणजे फ्लोराइड बांधले गेले, पुन्हा उठला म्हणजे आत अजून शिल्लक आहे. या कारणाने भूल देणारे इंजेक्शन शक्यतो टाळले जाते. ते दिले की डॉक्टरची खूण हरवते. जेलने भागले नाही तर भाजलेल्या जागेत आणि कडेने कॅल्शियम ग्लुकोनेट बारीक सुईने टोचतात. बोटांत तेवढी जागा नसते, म्हणून हाताच्या धमनीतून ते सावकाश सोडतात. कॅल्शियम क्लोराइडमध्ये कॅल्शियम तिप्पट असले तरी ते कातडीत कधीच टोचत नाहीत. ते स्वतःच मांस जाळते. त्याची जागा मोठ्या शिरेत.

तिसरी वाट श्वासाची. शुद्ध एचएफ साडेएकोणीस अंश सेल्सियसला उकळते. सुरतेच्या हवेत बहुतेक वेळ तापमान याच्या वरच असते, म्हणजे पिंपातून सुटलेले एचएफ वायू होऊनच पसरणार. दक्षिण कोरियात गुमी शहराजवळ २७ सप्टेंबर २०१२ रोजी टँकमधून एचएफ उतरवून घेताना गळती झाली. सुमारे आठ टन वायू सुटला, पाच जणांचा बळी गेला, हजारो लोकांना डोळे, घसा, छातीच्या तक्रारींसाठी उपचार घ्यावे लागले. आसपासची पिके करपली. ॲसिड निष्प्रभ करायला चुना लागतो; तो उशिरा पोहोचला. ऑक्टोबरमध्ये सरकारला तो भाग विशेष आपत्तिग्रस्त जाहीर करावा लागला. अशा रुग्णांना प्राणवायू आणि नेब्युलायझरमधून पातळ कॅल्शियम ग्लुकोनेटची वाफ देतात. फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका काही तासांनीही येऊ शकतो, त्यामुळे बरे वाटते म्हणून लगेच घरी सोडत नाहीत.

फ्लोराइड म्हटले की महाराष्ट्रात आठवतात ती यवतमाळ-चंद्रपूरकडची गावे, डागाळलेले दात आणि वाकलेली हाडे. तो आजार वर्षानुवर्षे पाण्यातून थोडे थोडे फ्लोराइड गेल्याने होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची वरची मर्यादा. तीव्र विषबाधा त्याहून निराळी, पण पाण्यातून तीही झाली आहे. अलास्कातल्या हूपर बे गावात दातांच्या आरोग्यासाठी पाण्यात फ्लोराइड मिसळणारी यंत्रणा मे १९९२ मध्ये बिघडली आणि एका विहिरीच्या पाण्यात ते लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमवर गेले. शेकडो लोकांना उलट्या झाल्या, एकाचा मृत्यू झाला.

टूथपेस्टची काळजी आईबापांना वाटते, तिलाही हिशेब आहे. हजार पीपीएमच्या पेस्टमध्ये ग्रॅमला एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. दहा किलोच्या मुलाला ५० मिलिग्रॅमचा उंबरठा गाठायला ५० ग्रॅम पेस्ट खावी लागेल. बोटभर चाटलेल्या पेस्टने विषबाधा होत नाही. निम्मी ट्यूब रिकामी दिसली, तर मात्र मुलाला दूध पाजून दवाखाना गाठावा.

रासायनिक अपघात सुरतेला नवे नाहीत. सचिन जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन सोडताना उठलेल्या विषारी वायूने सहा कामगार गेले. त्यात फ्लोराइडचा संबंध नव्हता, पण अशा वेळी कॅज्युअल्टीत विचारला जाणारा पहिला प्रश्न तोच असतो: रसायन कोणते? फ्लोराइडच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळण्यात गेलेला तास सर्वांत महाग, कारण औषध दुर्मीळ नाही. मजुरा गेटजवळचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल असो, महापालिकेचे स्मीमेर असो की गल्लीतले प्रसूतिगृह, दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट तिथे असतेच. गर्भवतीला झटक्यांसाठी दिलेल्या मॅग्नेशियमचा अतिरेक झाला तर तेच उताऱ्याचे औषध. तयार जेल मिळाला नाही तर या इंजेक्शनचा एक भाग आणि तपासणीला वापरतात त्या पाण्यात विरघळणाऱ्या जेलीचे तीन भाग कालवले की अडीच टक्क्यांचा जेल तयार होतो. १० मिलिलिटरला ३० मिलिलिटर, पाच मिनिटांचे काम.

हे घडायचे तर रुग्णाबरोबर ॲसिडचे नाव आले पाहिजे. १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांनुसार अशा मालाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक असायला हवे. पिकलिंग पेस्ट वापरणाऱ्या वर्कशॉपला ते पुरवठादाराकडून मागता येते आणि भिंतीवर लावता येते. कॅल्शियमच्या जेलच्या दोन ट्यूब, पाण्याची नळी, नायट्राइलचे किंवा निओप्रीनचे जाड हातमोजे आणि डोळे झाकणारा चष्मा एवढे सामान लहान शेडलाही झेपण्यासारखे आहे. अपघात झालाच तर १०८ ला फोन करतानाच ‘एचएफ’ किंवा ‘फ्लोराइड’ हा शब्द सांगावा, आणि डब्याचे लेबल फाडून किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढून रुग्णाबरोबर द्यावा. तो शब्द ऐकला की डॉक्टर जखमेकडे पाहण्याआधी छातीला ईसीजीच्या तारा लावतो, रक्त कॅल्शियम-पोटॅशियमच्या तपासणीला पाठवतो आणि परिचारिकेला कॅल्शियम ग्लुकोनेटचा एक नव्हे, अख्खा बॉक्स काढायला सांगतो.